डावीकडचा बैल

१० फेब्रुवारी

दादा,

आई म्हणाली, पत्र लिही. मी म्हटलं, ज्याने जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्याला काय लिहू? तर म्हणाली, सगळे बरे आहेत एवढं लिही. म्हणून लिहिते. सगळे बरे आहेत.

शाई संपली आहे आणि काजळी कालवायला आई पाणी देणार नाही, तेव्हा पेन्सिलीवर भागवून घे. कागद माझ्या गणिताच्या वहीचे आहेत. शाळा बंद झाली. गुरुजी सासुरवाडीला गेले, तिकडच्या विहिरीला अजून पाणी आहे म्हणे. जाताना म्हणाले, पाढे विसरू नकोस. मी अजून विसरले नाही, पण म्हणत नाही.

हे पत्र चुन्याच्या गाडीवाल्या मामांकडे देणार आहे. त्यांची गाडी तुझ्या खाणीवरून जाते, म्हणून तर तू कुठे आहेस ते आम्हाला कळलं. तू खडी फोडतोस आणि बारीक झाला आहेस, असं त्यांनी सांगितलं. आईने फक्त विचारलं, जेवायला देतात का? मामा हो म्हणाले. मग ती परत कोंडा पाखडायला बसली.

तू तांबड्यासाठी गेलास हे मला माहीत आहे. बाबा आणि शेजारचे घुमेकाका बांधावर उभे राहून ठरवत होते तेव्हा मी तिथेच काटक्या वेचत होते. वैरण दोन बैलांना पुरणार नव्हती, म्हणून दोन्ही घरांनी एकेक बैल ठेवायचा आणि एकेक धान्याच्या बदल्यात द्यायचा. पाऊस आला की दोन घरांचे दोन बैल एका जुवाला जोडायचे आणि दोन्ही शेतं पेरायची. काकांनी त्यांचा डावीकडचा ठेवायचा, आपण आपला उजवीकडचा, म्हणजे तांबडा. तू त्या दिवशी किती खूश होतास. आणि तू सरपणाला गेलास तेवढ्यात बाबांनी व्यापाऱ्याच्या हातात तांबड्याचा कासरा दिला आणि पांढरा ठेवून घेतला.

का, ते त्यांनी तुला सांगितलं नाही. मलाही नाही. आईने विचारलं की नाही कोण जाणे. तुझं नाव घरात निघत नाही. बाबा हल्ली दिवेलागणीलाच अंथरुणावर पडतात.

घुमेकाका आपल्या गोठ्यात डोकावून गेले. पांढऱ्याकडे बघत बराच वेळ उभे होते. बोलले काही नाहीत, पण ते कधी बोलतात?

तुझी बहीण


३ मार्च

दादा,

गाडीवाले मामा म्हणाले, तू पत्र घेतलंस, खिशात घातलंस आणि हातोडा उचललास. बरं.

काल काका जू घेऊन आले. दोन्ही बैल जोडून बघू म्हणाले. गावात उरलेली सगळी माणसं बघायला जमली, नाहीतरी दुसरं करायला काय आहे? पांढऱ्याला डावीकडे जोडला, तो उभा राहिला. काकांच्या बैलाला उजवीकडे जोडला, तर तो मागे सरून पांढऱ्याच्या मागून पलीकडे जायला बघू लागला. जू तिरपं झालं, दोरी सुटली, शेवटी दोघेही डावीकडे जाऊन एकमेकांना ढुशा देत बसले. लोक हसले. मीही हसले असेन. काकांची नवी सून विणकराच्या घरची, ती मला हळूच म्हणाली, बैल तो बैल, त्याला डावं काय नि उजवं काय? मी तिला सांगितलं, तू रोज ज्या हाताने धोटा फेकतेस तो बांधून ठेवला आणि दुसऱ्या हाताने लुगडं विण म्हटलं तर कसं होईल, तसं. मग तिला कळलं.

काका बाबांना म्हणाले, "ठरलं काय होतं?"

बाबा म्हणाले, "घोटाळा झाला."

"घोटाळा वजनमापात होतो. बैलात कसा होईल?"

काका म्हणाले, चूक तुमची, तर तुमच्या बैलाला उजवीकडे चालायला शिकवा. बाबा म्हणाले, पांढरा बाजू बदलणार नाही. बस, एवढंच. काकांनी जू खांद्यावर टाकलं आणि गेले. मागून कोणीतरी म्हणालं की चांगला बैल आपल्याकडे ठेवायचा आणि वर मान ताठ, याला म्हणतात लबाडी. बाबांनी ऐकलं. आपल्या कोंबडीला कोणी दगड मारला तरी वेशीपर्यंत भांडत जाणारे आपले बाबा, ते खाली बघत उभे राहिले.

आता काका आपल्याशी बोलत नाहीत. म्हणजे पूर्वीही बोलत नव्हते, पण आता मुद्दाम बोलत नाहीत. त्यांचा बैल तिकडे, आपला इकडे, आणि एका बैलाने पेरणी होत नाही. आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना.

तांबड्याला लहानपणी तू चालायची बाजू शिकवली होतीस. ते कसं केलंस? आई म्हणते, यायला नको, नुसतं लिहून पाठव म्हणावं.

काल संध्याकाळी बाबांच्या हातून पाण्याचा तांब्या लवंडला. अख्खा. आई काही बोलली नाही. माझ्या हातून थेंब सांडला तर मात्र दिवसभर ऐकवते.

तुझी बहीण


३० मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पुन्हा पुन्हा उलटून बघितलं, मागे काही लिहिलं आहे का म्हणून. नाही. "बैलाला आतापासून दुसऱ्याच्या उजवीकडे बांधा. चारा-पाणी उजवीकडूनच द्या. चालवताना माणसाने त्याच्या बाहेरच्या अंगाला राहावं, म्हणजे तो पलीकडे जात नाही. मारू नका." एवढंच. कशी आहेस नाही, आईला नमस्कार नाही. मला लिहिलंस की बैलाला?

मी बाबांना वाचून दाखवलं. ते खुंट्याला टेकून बसले होते. म्हणाले, बरोबर लिहिलंय. मी म्हटलं, मग उद्यापासून पांढऱ्याला उजवीकडे बांधू? तर म्हणाले, नाही.

आई म्हणते, जमीनमालकाच्या कारभाऱ्याचा निरोप आला आहे. सोडून गेलेल्यांची शेतं मालक दुसऱ्यांना देणार आहे. आणि जे राहिले त्यांच्याकडे कारभारी नेहमीसारखा पेरणीला बांधावर उभा राहून ओळी बघणार. तुला माहीत आहे तो कसा बघतो, एक डोळा मिटून. ज्याच्या ओळी वाकड्या त्याच्या हातात दम नाही, असं म्हणून मागे त्याने कुंभाराच्या मेहुण्याचं शेत उभ्या उभ्या काढून घेतलं. आपण तर पेरणारच नाही अशी वेळ आली आहे. शेत गेलं तर आपण कुठे जायचं, ते आईने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आपल्या आळीतली चार घरं रिकामी आहेत. मी आत जाऊन बघते, कोणी काही विसरून गेलं आहे का. माझ्या मैत्रिणीच्या घरात चुलीपाशी तिच्या भातुकलीचं उलथनं पडलं होतं. पूर्वी मला रडू आलं असतं. मी ते उचलून आणलं, कोंडा परतायला बरं पडतं.

बाबा बरे आहेत. थोडे थकतात.

तुझी बहीण


२२ एप्रिल

दादा,

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. गाडीवाल्या मामांनाही सांगितलंय की कुणाला बोलू नका.

परवा ऐन दुपारी मी दारात उभी होते. डोक्यावर ऊन, अंगणात सावलीसुद्धा नाही. बाबा समोर दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?"

मी एक पाऊल पुढे आले. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी घरात गेले आणि आईला म्हटलं, बाबांना दिसत नाही. आई कोंडा चाळत होती, तिचा हात थांबलाही नाही. म्हणाली, हळू बोल.

तिला सगळं ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून त्यांना संध्याकाळचं दिसेनासं झालं. मग हिवाळ्यात दिवसाही धुकं धुकं. तीन वर्षं पोटात हिरवं पान नाही, दूध नाही, त्यानेच होतं असं आई म्हणते, तिच्या आजोबांना असंच झालं होतं. कुठे रानात दोन पानं मिळाली की ती त्यांच्या ताटात घालते. मला वाटायचं, बाबा लाडके म्हणून.

आता ऐक. पांढरा आधी पेरलेल्या ओळीच्या कडेने आपणहून चालतो. त्याचा कासरा ओढावा लागत नाही, तुला माहीतच आहे. तांबडा गुणी होता, पण त्याला माणसाचे डोळे लागायचे. बाबांनी म्हणून पांढरा ठेवला. म्हणून तो बाजू बदलणार नाही असं म्हणाले. डावीकडे तो असला तर त्यांना पेरणीची पाभर धरून नुसतं मागून चालता येईल आणि कोणाला कळणार नाही, असा त्यांचा हिशेब. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि म्हटलं, लोक तुम्हाला लबाड म्हणतात, काकांना खरं सांगा ना.

ते म्हणाले, "म्हणू दे. लबाडाचं शेत कोणी काढून घेत नाही. आंधळ्याचं घेतात."

मी विचारलं, दादाला का नाही सांगितलं? त्यांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाले, "तो रागावून गेलाय ते ठीक आहे. माझी कीव येऊन परत यायला नको."

मला खूप राग आला. त्यांचा, तुझा, आईचा. संध्याकाळपर्यंत होता. मग तोही गेला. हल्ली काहीच फार वेळ टिकत नाही.

आता तुला माहीत आहे. काय करायचं ते तुझं तू बघ.

तुझी बहीण


१९ मे

दादा,

गाडीवाले मामा म्हणाले, तू पत्र बसून वाचलंस. दोनदा वाचलंस. मग घडी घातलीस आणि विचारलंस, पांढरा कसा आहे? पांढरा बरा आहे. बरगड्या दिसतात, पण उभा राहतो. आम्हीही उभे राहतो.

तू येणार की नाही ते मामांना कळलं नाही, तेव्हा मी वाट बघायची नाही असं ठरवलं आणि घुमेकाकांकडे गेले. ते ओसरीवर वेसणीची दोरी दुरुस्त करत होते. मी खाली बसले आणि सांगून टाकलं. बाबांच्या डोळ्यांचं, पांढऱ्याचं, सगळं. सांगताना वाटलं होतं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं वगैरे काही नाही. काकांनी दोरीची गाठ मारली, दाताने ओढून बघितली. म्हणाले, तुझ्या भावाने काय लिहिलं होतं ते वाच. मला पाठ होतं. मी म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा बैल आपल्या गोठ्यात आला. पांढऱ्याच्या उजव्या हाताला काकांनी नवा खुंटा ठोकला आणि त्याला तिथे बांधला. बाबांशी एक शब्द नाही. चारा उजवीकडून, पाणी उजवीकडून. सकाळी दोघांना जोडून रिकामं जू घेऊन कोरड्या ओढ्यातून फिरवायचं, काका बाहेरच्या अंगाला. पहिल्यांदा त्या बैलाने काकांचा पाय तुडवला. काकांनी मारलं नाही, तू मारू नका लिहिलं होतंस म्हणून असेल. ते लंगडत फिरत राहिले. आता तो बैल चालतो. अजून कधी कधी डावीकडे बघतो, पण चालतो.

बाबांनी खुरांच्या आवाजावरूनच ओळखलं. मला विचारलं, त्यांना कोणी सांगितलं? मी म्हटलं, मी. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. ताट पुढे ठेवलं की हात चाचपडतो, मी वाटी त्यांच्या बोटांना लावते, ते जेवतात. तुझ्यावर रागावले होते तेव्हाही असंच होतं, म्हणून मला सवय आहे. तरी वाईट वाटतं. हे एक अजून वाटतं.

काकांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या सुनेलाही नाही. घुम्या माणसाचा हा एक फायदा.

आई विचारत होती, तुझा अंगरखा फाटला असेल का?

तुझी बहीण


२४ जून

दादा,

पाऊस पडून आठवडा झाला. आधी लिहायचं राहिलं. पडला तेव्हा लोक बाहेर येऊन उभे राहिले, आई भांडी लावत फिरत होती. मी आतच बसले होते. मला वाटलं होतं की फार आनंद होईल.

काल पेरणी केली. आधी काकांची की आधी आपली यावर एका अक्षराचा वाद झाला नाही. काकांनी सकाळी बैल सरळ बाबांच्या शेतात आणले.

बाबांनी पाभर धरली. आई शेजारून चालत चाड्यात बी सोडत होती. काका पुढे उजव्या अंगाला, त्यांच्या बैलापाशी. आणि दादा, काका बोलायला लागले. सुरुवातीला मला कळलंच नाही कोण बोलतंय. ते पुढे चालत होते आणि मोठ्याने काहीबाही सांगत होते. इथे दगड आहे, इथे जमीन उचलली आहे, हा बांध आला, आता वळा. त्यात स्वतःच्या बैलाला शिव्या, गाडीवाल्या मामांची गंमत, लहानपणी आंब्याच्या झाडावरून पडल्याची गोष्ट, ती तर दोनदा सांगितली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस पावसाने खुळावला. बाबा त्या आवाजामागून चालत होते. पांढरा डावीकडे, आपल्या वाटेने.

दुसऱ्या वळणाला कारभारी घोड्यावरून आला. बांधावर उभा राहून त्याने एक डोळा मिटला. मी काकांच्या सुनेजवळ उभी होते, तिने माझा हात धरला होता. कारभारी ओरडून म्हणाला, तुमच्या दोघांचं तर पटत नाही असं ऐकलं होतं! काका म्हणाले, "पटत नाहीच. म्हणून तर ओरडून बोलतोय." कारभारी हसला. मग त्याने बाबांना विचारलं, मुलगा कुठे आहे? बाबांनी आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं आणि म्हणाले, कामाला गेलाय, येईल. कारभारी आणखी दोन फेऱ्या बघून म्हणाला, बरं, कापणीला येईन तेव्हा शेतात कोण आहे ते बघतो. आणि पुढच्या शेताकडे गेला.

म्हणजे कापणीपर्यंत शेत आपलं आहे. पुढचं पुढे.

शेत पेरून झालं तेव्हा काकांचा घसा बसला होता. बाबा त्यांना म्हणाले, चहा घेऊन जा. चहा कुठला, गरम पाणी आणि चिमूटभर पत्ती. काका बसले, प्यायले आणि एक शब्द न बोलता गेले. आई बांधावर उगवलेला पाला खुडून आणते, उकडते आणि बाबांना घालते. ते चावतात. अजून फरक नाही.

आज सकाळी मी वहीचा शेवटचा कागद फाडला तेव्हा बाबांना आवाज आला. म्हणाले, "त्याला लिहितेस?"

महिन्याभरात ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मी हो म्हटलं.

"काय लिहिलंस आजपर्यंत?"

मी म्हटलं, सगळं.

मला वाटलं, आता ओरडतील. ते उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले आणि तोंड शेताकडे करून उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, "मग हेही लिही. पेरणीच्या ओळी सरळ आल्यात का ते येऊन बघ म्हणावं. मला दिसत नाही."

हे त्यांचे शब्द आहेत, जसेच्या तसे. मी घातलेला एकही नाही.

मी सकाळीच शेतात जाऊन आले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओळी कशा आल्यात ते मला माहीत आहे. ते मी लिहिणार नाही.

तुझी बहीण